एका जपानी चित्रकथेतला विषाणू आणि तुमच्या घरातला ताप



दर वेळी आपण एखादा आजार, एखादी तपासणी किंवा एखादं औषध समजून घेतो. आज मात्र मी एका चित्रकथेपासून सुरुवात करणार आहे आणि माझ्या स्वतःच्या एका चुकीपर्यंत येणार आहे. ती चूक सांगायला मला बरीच वर्षं लागली. पण ती वाचून तुमच्यापैकी एकाने जरी पुढच्या तापात डॉक्टरांना एक वाक्य जास्त सांगितलं, तरी हा लेख लिहिल्याचं सार्थक होईल.

माझी लेक जपानी शिकते. पुण्यात हे काही नवलाचं नाही, आमच्या सोसायटीतच तीन-चार मुलं जपानीच्या परीक्षा देतात. सरावासाठी ती मांगा वाचते. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. पुस्तक आपल्याला उलटं वाटतं, कारण ते उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. एका रविवारी मी पोह्यांना फोडणी देत होते, तेव्हा ती एक पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आई, हे तुला वाचता येणार नाही, मीच सांगते. पण आधी मला सांग, असं खरंच होतं का?"

पुस्तकाचं नाव 'एमर्जिंग'. लेखक-चित्रकार मासाया होकाझोनो. २००४ साली सुरू झालेली आणि दोनच भागांत संपणारी ही छोटी चित्रकथा. सुरुवात तोक्योतल्या शिंजुकू भागात होते. ऐन गर्दीत एक नोकरदार माणूस अंगातून रक्त उडत रस्त्यातच कोसळतो आणि मरतो. त्याचं रक्त जवळ असलेल्या एका शाळकरी मुलीच्या अंगावर उडतं. पुढे डॉक्टर शवविच्छेदन करतात आणि कुणालाच माहीत नसलेला विषाणू समोर येतो. मग त्या मुलीला ताप येतो. शेवट सांगत नाही, कुणाला वाचायची असेल तर मजा जायला नको.

चित्रं पाहून मीही दचकले. आणि लेकीच्या प्रश्नाला पटकन "छे, काहीतरीच!" असं उत्तर देऊन मोकळी झाले. पोहे खाऊन झाल्यावर मात्र वाटलं, हे उत्तर खरं नाही. त्या चित्रकथेत काही गोष्टी अगदी बरोबर आहेत आणि काही फार चुकीच्या. आणि ज्या चुकीच्या आहेत, त्यांचीच भीती आपल्या मनात बसते.

नावातच सगळं आहे

'एमर्जिंग' हा आमच्या वैद्यकशास्त्रातला शब्द आहे. जे संसर्गजन्य आजार माणसांत नव्याने दिसू लागतात किंवा अचानक वाढू लागतात, त्यांना 'एमर्जिंग' म्हणतात. यातले बरेचसे प्राण्यांकडून माणसाकडे आलेले असतात. वटवाघूळ, माकड, गुरं, उंदीर यांच्या अंगात किंवा त्यांच्या अंगावरच्या गोचिडांत हे विषाणू आधीपासून असतात. आपण जंगलात शिरतो, गुरं हाताळतो, पक्ष्या-प्राण्यांनी उष्टावलेलं फळ खातो आणि त्यांच्या वाटेत येतो.

ही चित्रकथा आली त्याच्या एकच वर्ष आधी, २००३ मध्ये, सार्स या आजाराने जग हादरलं होतं. चीनमधला एक आजारी डॉक्टर हाँगकाँगच्या एका हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरला. त्याच हॉटेलातल्या पाहुण्यांबरोबर तो विषाणू हनोई, सिंगापूर आणि टोरांटोला पोहोचला. हनोईत जागतिक आरोग्य संघटनेचे डॉक्टर कार्लो उर्बानी यांनी हा काहीतरी वेगळाच न्यूमोनिया आहे हे ओळखलं आणि सगळ्या जगाला सावध केलं. पुढे त्यांनाच सार्स झाला आणि त्यातच ते गेले. म्हणजे लेखकाने हवेतून गोष्ट रचलेली नव्हती.

जपानची आणखी एक अडचण होती. इतके धोकादायक विषाणू हाताळायला सर्वोच्च सुरक्षेची, म्हणजे चौथ्या पातळीची प्रयोगशाळा लागते. तोक्योजवळ मुरायामा इथे ती १९८१ मध्येच बांधून तयार होती. पण आसपासच्या रहिवाशांच्या विरोधामुळे तिथे त्या पातळीचं काम अनेक वर्षं सुरूच होऊ शकलं नाही. परवानगी मिळाली ती थेट २०१५ मध्ये, पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीनंतर. रहिवाशांचं तरी काय चुकलं? आपल्या घराशेजारी असं काही असेल तर तुम्हा-आम्हालाही भीती वाटेलच. मात्र तोपर्यंत असा एखादा रुग्ण निघाला असता, तर त्याच्या विषाणूवर काम करायला घरात जागा असून नसल्यासारखी होती.

खरंच असं रक्त उडतं का?

नाही. काही विषाणूंमुळे रक्तस्राव होतो हे खरं आहे. इबोला, क्रिमियन-काँगो ताप, आपल्याकडचा माकडताप आणि कधीकधी डेंग्यूसुद्धा यात येतो. अशा आजारात रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर बिघडतं आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कमी होतात. वाहिन्या माठासारख्या पाझरू लागतात. हिरड्यांतून रक्त येतं, त्वचेवर लाल ठिपके दिसतात, शौचाला काळं होतं. पण फवारा उडत नाही. इबोलामध्येसुद्धा डोळ्यांना दिसेल असा मोठा रक्तस्राव थोड्याच रुग्णांना होतो. बहुतेकांना उलट्या आणि जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं, रक्तदाब उतरतो आणि त्यातून जीव धोक्यात येतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. धडधाकट माणूस रस्त्याने चालता चालता असा कोसळत नाही. त्याआधी काही दिवस त्याला ताप असतो. अंग दुखतं, डोकं दुखतं, घसा खवखवतो, जेवण जात नाही. म्हणजे तुम्हाला मागच्या पावसाळ्यात झालं होतं ना, अगदी तसंच. घरचे म्हणतात, "व्हायरल असेल." डॉक्टरही म्हणतात, "व्हायरल असेल." आणि शंभरात नव्याण्णव वेळा ते बरोबरच असतं.

मग चित्रकथेत बरोबर काय आहे?

सगळ्यात आधी धोका कुणाला, हे बरोबर आहे. जो जवळ असतो त्याला. रक्त किंवा शरीरातले द्रव डोळ्यात, तोंडात किंवा जखमेत गेले तर असे विषाणू शिरतात. इबोलाचा रुग्ण लक्षणं दिसायच्या आधी दुसऱ्याला आजार देत नाही. आणि खूप आजारी माणूस बाजारात फिरत नाही, तो अंथरुणावर असतो. म्हणून आजार होतो तो त्याला पाणी पाजणाऱ्या आईला, कपडे बदलणाऱ्या बायकोला, सलाईन लावणाऱ्या सिस्टरला, मृतदेहाला आंघोळ घालणाऱ्या भावाला. २०१४ ते २०१६ च्या पश्चिम आफ्रिकेतल्या साथीत ११ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात शुश्रूषा आणि अंत्यविधी यांतून लागण झालेले पुष्कळ होते.

इबोलाची पहिली ओळख १९७६ मध्ये झाली. तेव्हाच्या झाईरमधल्या यांबुकू गावात मिशनरी सिस्टरांचं एक रुग्णालय होतं. तिथे रोज सकाळी बाह्यरुग्ण विभागासाठी पाच सिरिंजा काढल्या जायच्या आणि दिवसभर त्याच वापरल्या जायच्या. दोन रुग्णांमध्ये त्या नुसत्या कोमट पाण्यातून विसळायच्या. कुणी मलेरियाचं इंजेक्शन घ्यायला यायचं, कुणी गरोदर बाई तपासायला यायची, आणि जाताना इबोला घेऊन जायची. त्या साथीत ३१८ जणांना लागण झाली आणि २८० जण गेले. रक्ताचा फवारा कुठेच नव्हता, होत्या फक्त पाच सिरिंजा.

हे मी लेकीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पुस्तकापेक्षा हे जास्त भीतीदायक आहे."

मी म्हटलं, "हो, आणि जास्त सोपंही. कारण फवारा आपण थांबवू शकत नाही, सिरिंज बदलू शकतो."

आता माझी चूक

काही वर्षांपूर्वी मी तळकोकणातल्या एका छोट्या रुग्णालयात काम करत होते. मार्च महिना, काजूचा हंगाम. पंचेचाळिशीच्या एक बाई आल्या. दोन दिवस ताप, डोकं ठणकतंय, अंग मोडून आलंय, डोळे लाल. बाहेर चाळीसेक रुग्ण बसलेले. मी घसा पाहिला, छाती तपासली, पॅरासिटामॉल लिहून दिलं आणि सांगितलं, "व्हायरल आहे. पाणी भरपूर प्या, तीन दिवसांनी या."

त्या तिसऱ्या दिवशी आल्या, पण चालत नाही. मुलाने उचलून आणलं होतं. अंगात त्राण नव्हतं, रक्तदाब उतरलेला, हिरड्यांतून रक्त येत होतं. आम्ही धावपळ करून सलाईन लावलं, रक्त घेतलं. घाईत कुणी हातमोजे घातले होते, कुणी नव्हते. मी घातले नव्हते.

आमच्या वॉर्डातल्या जुन्या मावशी त्याच भागातल्या. त्यांनी बाईंच्या कपाळावरून हात फिरवत सहज विचारलं, "वयनी, बागेत माकडा मेलेली गावली काय?"

बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "दोन गावली. पण ता कोणी इचारूकच नाय."

हे कुणी विचारलंच नाही. मी विचारलं नव्हतं.

माकडताप म्हणजे क्यासानूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासानूर जंगलात माकडं मरू लागली आणि माणसं आजारी पडू लागली, तेव्हा तो सापडला. पुढे तो पश्चिम घाटातून पसरत २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दिसला. जंगलातल्या गोचिडांतून तो माणसाला होतो. थंडी संपता संपता ही बारीक गोचिडं वाढतात, आणि नेमके त्याच दिवसांत लोक काजू वेचायला, पालापाचोळा गोळा करायला रानात जातात. माकडं या विषाणूने पटापट मरतात. म्हणून मेलेलं माकड हा गावाला मिळालेला पहिला इशारा असतो. गावातल्या मावशींना जे माहीत होतं, ते मलाही माहीत होतं. पण चाळीस रुग्णांच्या गर्दीत एक प्रश्न विचारायला मी अर्धं मिनिट काढलं नव्हतं.

नमुना पुण्याला गेला, माकडतापच निघाला. या आजारावर खास औषध नाही. ताप, पाणी, रक्तदाब, रक्तस्राव यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहणं हेच उपचार. बाई वाचल्या. पण पुन्हा उभं राहायला त्यांना दोन महिने लागले आणि त्या वर्षीचा काजूचा हंगाम गेला. लवकर दाखल केलं असतं, तर एवढे हाल झाले नसते, असं मला आजही वाटतं.

आम्ही वाचलो ते आमच्या हुशारीमुळे नाही. माकडताप एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, म्हणून वाचलो. २०११ च्या जानेवारीत अहमदाबादजवळच्या साणंद तालुक्यात क्रिमियन-काँगो तापाचा भारतातला पहिला रुग्ण निघाला. तोही गोचिडांतूनच येणारा आजार, पण रुग्णाच्या रक्तातून दुसऱ्याला होणारा. त्या साथीत रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि एक नर्स दोघंही गेले. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झालं. तोवर नेमकं काय आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्यासमोर जर तो विषाणू असता, तर बिनहातमोज्यांचे माझे हात आज हा लेख लिहीत नसते.

एका प्रश्नाने काय होतं

याच्या उलट उदाहरणही सांगते. २०१८ च्या मे महिन्यात केरळमधल्या कोझिकोडला निपाहची साथ आली. एका तरुणाला मेंदूज्वरासारखा आजार झाला होता. डॉक्टरांच्या लक्षात आलं की याच्या भावाचा काही दिवसांपूर्वी असाच मृत्यू झाला आहे आणि घरातली आणखी माणसं आजारी आहेत. एकाच घरात असं का व्हावं? या एका प्रश्नावरून तातडीने नमुने पाठवले गेले, निपाहचं निदान झालं आणि संपर्कातल्या लोकांचा शोध सुरू झाला. १७ माणसं गेली. त्यात पहिल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या सिस्टर लिनी होत्या. पण महिन्याभरात साथ आटोक्यात आली. दुसऱ्याऐवजी दहाव्या रुग्णापाशी हे लक्षात आलं असतं, तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही.

आता मला त्या चित्रकथेबद्दलची खरी काळजी सांगू द्या. भीती वाटायला हरकत नाही. पण फार भ्यालेला माणूस गप्प बसतो. करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, घरी विलगीकरणात राहायचं असलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायचे, आठवतंय? लोक त्या शिक्क्याला आजारापेक्षा जास्त घाबरले. शेजारी काय म्हणतील, बिल्डिंग सील होईल, म्हाताऱ्या आईला उचलून नेतील, म्हणून ताप लपवला गेला. गोळी घेऊन ताप उतरवून माणसं तपासणीला आली आणि "कुठे गेलो नव्हतो" म्हणाली. मी त्यांना दोष देत नाही. आजारी माणसाकडे आपण संशयित गुन्हेगारासारखं पाहिलं, तर तो खरं का सांगेल?

तुम्ही काय करायचं?

विचारणं हे माझं काम आहे. पण गर्दीत, घाईत, रात्री दोन वाजता तुमचे डॉक्टर विसरू शकतात. मी विसरले होते. म्हणून ताप आल्यावर ते विचारोत किंवा न विचारोत, या गोष्टी आपणहून सांगा:

- गेल्या तीन आठवड्यांत तुम्ही कुठे गेला होतात? गाव, जंगल, परदेश, सगळं.
- गुरं, कुत्री, मेलेली जनावरं, गोचिडं यांच्याशी संबंध आला का? पक्ष्या-वटवाघळांनी उष्टावलेलं फळ खाल्लं का?
- घरात, शेजारी, कामाच्या ठिकाणी आणखी कुणी आजारी आहे का? कुणी अचानक गेलं का?
- तुम्ही कुणा आजारी माणसाची सेवा केली का?
- आधी कुठे दाखवलं, कोणती गोळी किंवा इंजेक्शन घेतलं?

तुम्हाला ही माहिती फालतू वाटली तरी सांगा. फालतू आहे की नाही, ते आम्ही ठरवू.

तापात अंगदुखीसाठी स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका. डेंग्यूसारख्या आजारात त्याने रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरवायला ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल पुरतं. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर लाल-जांभळे ठिपके, काळी शौच, सतत उलट्या, लघवी कमी होणं, धाप, झोपाळूपणा किंवा असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं तर "तीन दिवसांनी या" असं मी सांगितलेलं असलं तरी थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा. घरात आजाऱ्याची सेवा करताना उलटी, शौच, रक्त साफ करायचं असेल तर हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. आणि इंजेक्शन घेताना, "सुई नवीन आहे ना?" हे विचारायला लाजू नका. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

परवा लेकीने दुसरा भागही वाचून संपवला. मी विचारलं, "मग, आता रात्री भीती वाटते का?"

ती म्हणाली, "नाही. पण आई, परवा आपल्या पार्किंगमधल्या भटक्या कुत्र्याच्या कानातली गोचिडं मी हातानेच काढली होती. सांगून ठेवते."

मी तिला आधी हात धुवायला लावले, पुन्हा काढायची झाली तर चिमटा आणि हातमोजे वापर म्हणून बजावलं. आणि कॅलेंडरवर ती तारीख लिहून ठेवली. बहुधा तिची गरज पडणार नाही. पण येत्या दोन-तीन आठवड्यांत तिला ताप आलाच, तर कुणी न विचारता मी ते डॉक्टरांना सांगेन.

काळजी घ्या, आणि बोलत राहा.